नदीत गवत लावायला डीएनए कशाला?

पोटोमॅककाठ:
परवाच्या नदीसफाईच्या धाग्यावर 'टाकीवाले' यांनी ठणकावलं, "पाणगवत लावायला डीएनए कशाला? एका जागची जोमदार रोपं आणा, रनर (मुळाशी फुटणारे आडवे धुमारे) तोडा, एकाची हजार करा." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून वेगळा धागा.

मी अमेरिकेत मेरीलँडला राहतो. इथल्या चेसापीक उपसागराची पाणगवतं आधीच आजारी होती, १९७२ च्या ॲग्नेस वादळाने त्यांचं कंबरडं मोडलं. गोड्या पाण्यात आता व्हॅलिस्नेरिया पुन्हा लावतात. या गवतात नर वेगळा, मादी वेगळी. मादीचं फूल लांब देठावर वर येतं. नराची फुलं रव्याच्या कणांएवढी. ती तळातून सुटतात आणि तरंगत तिच्यापाशी जातात. मग देठाचं वेटोळं होतं आणि फळ खाली ओढलं जातं.

रनरने वाढवलेला अख्खा पट्टा एकाच झाडाचा, म्हणजे एकाच लिंगाचा. आमच्या गटाने एका छोट्या खाडीतले कंद आणून लावले. दोन उन्हाळे सगळे खूश. तिसऱ्या वर्षी शेंगा वेचायला छातीभर पाण्यात उतरलो, हाती एक शेंग लागली नाही.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेसापीकमधल्या २६ ठिकाणच्या या गवताचा डीएनए तपासला होता. १४ ठिकाणी रोपं घेण्याइतकं जनुकीय वैविध्य सापडलं. शिवाय बजावलं की चार मोठे विभाग धरा आणि एकातली रोपं दुसऱ्यात नेऊ नका. हे डोळ्यांनी बघून कळलं असतं?

टाकीवाले:
अहो, १९८३ च्या सुमारास पोटोमॅक नदीत गवत परतलं ते कुणी जनुकं मोजली म्हणून? वॉशिंग्टनमधल्या ब्लू प्लेन्सच्या प्रकल्पाने सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला, शेवाळ घटलं, पाणी निवळलं, तळाशी उजेड पोचला. आधी पाणी! गढूळ पाण्यात तुमची १४ ठिकाणची रोपंही कुजणार.

पोटोमॅककाठ:
पाणी आधी, हे मी कधी नाकारलं? आणि तेव्हा जे परतलं त्यात बाहेरून आलेलं हायड्रिला हे पाणतण किती होतं तेही सांगा की.

मुठेची लेक:
अवांतर होईल, पण राहवत नाही. तुम्ही रोपं लावायच्या गप्पा मारताय, आम्ही काढून काढून थकलो. दर उन्हाळ्यात जलपर्णी काढायचं टेंडर निघतं, पोकलेन येतो, ढीग काठावरच पडतो आणि पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात. संध्याकाळी सहानंतर आमच्या घरात खिडकी उघडत नाही, इतके डास. बाबा लहानपणी याच नदीत पोहायचे.

टाकीवाले:
ताई, बरोबर बोललात. आता याचं उत्तर द्या, पोटोमॅककाठ. जगभर पसरलेली जलपर्णी बहुतांशी एकाच क्लोनची, म्हणजे एकाच रोपाच्या नकला आहे, हेही जनुकं तपासूनच निघालंय. वैविध्य जवळपास शून्य, तरी नद्या झाकून टाकल्या. मग एक क्लोन वाईट कसा?

पोटोमॅककाठ:
तिला मैलापाणी हवं, ते आपण रोज सोडतो. ती वर तरंगते, तिला तळाच्या उजेडाची पर्वा नाही. तणाला लावलेलं माप नदी सावरणाऱ्या गवताला लावू नका. कॅलिफोर्नियात बोडेगा बेमध्ये समुद्री गवतावर प्रयोग झाला. रानहंसांनी चरून टाकल्यावर जिथे त्याच गवताचे जास्त जनुकीय वाण एकत्र होते ते चौकोन लवकर सावरले. तुम्ही बारा महिने एकसारख्या पाण्याच्या टाकीत रोपं वाढवता. नदीला पूर येतो.

टाकीवाले:
टाकीवर येऊ नका. वीस वर्षं पाणवनस्पतींवर घर चालवतोय.

मुठेची लेक:
दोघंही बरोबर असाल. पण मुठेत आज व्हॅलिस्नेरिया लावली तर जलपर्णीखाली अंधारात मरेल. तिथून बोला.

पोटोमॅककाठ:
मान्य. तिथे आधी मैलापाणी थांबायला हवं. पण ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी रोपं कुठून आणणार? आजूबाजूच्या स्वच्छ ओढ्यांत काय उरलंय, त्यात नर किती, मादी किती, हे आत्ताच बघून ठेवायला नको?

टाकीवाले:
रात्री तावातावाने टाक्या तपासल्या. चार टाक्यांमध्ये व्हॅलिस्नेरियाला फुलं आहेत. सगळी लांब देठावरची, पाण्यावर सुटं तरंगणारं एकही नाही. सहा वर्षांपूर्वी एक जुडी आणली होती, तिचेच रनर गावभर विकतोय. बी कधी धरलं नाही, मला वाटायचं टाकीत धरतच नसेल. पाणी आधी, यावर मी ठाम आहे. पण नदीसाठी कुणी माझ्याकडे रोपं मागितली, तर ही देणार नाही.