बांबूची सायकल फ्रेम: सांध्यापाशी अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या आमच्या परसात माणगा जातीच्या बांबूची बेटं आहेत. माणगा जवळपास भरीव असतो, म्हणून त्याचीच सायकल फ्रेम करायची असं पक्कं ठरवलंय. काकांनी चार वर्षांच्या काठ्या निवडून थंडीत तोडून दिल्या. किडीसाठी त्या बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवल्या आणि सावलीत वाळवल्या.

माझी जुनी स्टीलची फ्रेम दणकट, पण जड. खाऱ्या हवेने खालच्या नळीचे पापुद्रे सुटलेत. तरी स्टील तुटलं तर नाक्यावरचा वेल्डर जोडून देतो, हा मोठा आधार. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ नरम पडतं. कार्बन फायबर खिशाला परवडत नाही. बांबू खड्ड्यांचे हादरे बरेच पचवतो, आणि आमच्या रस्त्यांवर मला तेच हवंय.

अडलंय ते सांध्यांवर. तागाचा धागा इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात भिजवून, घट्ट गुंडाळून एक नमुना सांधा केला. तीन आठवड्यांनी बघतो तर बांबू आकसलेला, कडेला नख जाईल एवढी फट! फार वाईट वाटलं. बहुतेक आत ओल राहिली होती.

काठी पुरती वाळली हे घरच्या घरी कसं ओळखता? दर आठवड्याला वजन करून? सांध्यापुरती वरची चकचकीत साल खरवडायची ना? आणि पेडलचा अ‍ॅक्सल बसतो ती नळी जुन्या स्टीलच्या फ्रेममधून कापून घेतली तर चालेल का? कोकणातल्या पावसात बांबूची सायकल चालवलेल्या कुणी वॉर्निशबद्दलही जरूर सांगा.