क्रियापदांचे समानार्थी शब्द: यादी नको, वाक्य हवे

प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वहीत समानार्थी शब्दांची यादी असतेच. सूर्य: रवी, भास्कर, दिनकर. कमळ: पंकज, अंबुज. नामांच्या बाबतीत ही यादी पाठ करून बरेचसे भागते, कारण सूर्य कोणत्याही वाक्यात सूर्यच राहतो. मग त्याच सवयीने मुले क्रियापदांची यादी करायला घेतात आणि ‘काढणे’पाशी येऊन अडतात. क्रियापद एकटे घेतले तर त्याचा अर्थ अर्धाच हाती लागतो. उरलेला अर्थ ते कोणाबद्दल आणि कशाबद्दल आले आहे यावर ठरतो. म्हणून क्रियापदांचा सराव वाक्यातूनच करावा, असे माझे ठाम मत आहे.

‘काढणे’च घ्या. चित्र काढणे म्हणजे रेखाटणे. फोटो काढणे म्हणजे टिपणे. आठवण काढणे म्हणजे स्मरणे. बादली सोडून विहिरीतून पाणी काढले तर ते शेंदणे, आणि विहीर रिकामी करायची म्हणून काढले तर उपसणे. गाईचे दूध काढणे म्हणजे दोहणे. कष्टात दिवस काढणे म्हणजे कंठणे. ‘थोडी कळ काढ’ यात धीर धरणे आहे, आणि ‘त्याने गळा काढला’ यात मोठ्याने रडणे. एवढे सगळे एका शब्दाखाली. आता ‘काढणे या शब्दाचा समानार्थी शब्द लिहा’ असा प्रश्न कोणी विचारला, तर तो प्रश्नच अपुरा आहे. ‘वाटणे’चेही तसेच: खाऊ वाटला तर वितरण, भीती वाटली तर भावना, चटणी वाटली तर बारीक करणे.

नीट काढलेल्या प्रश्नपत्रिकेत असा सुटा प्रश्न सहसा नसतो. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीत भाषेच्या विभागाला 100 पैकी 25 गुण असतात आणि त्याचे 20 प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात: चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. समानार्थी शब्द तिथे विचारला जातो तो उताऱ्यातला. म्हणजे उत्तराची निम्मी खूण वाक्यातच पडलेली असते. यादी पाठ केलेले मूल मात्र पुष्कळदा वाक्याकडे न पाहता पर्यायांकडे धावते आणि ओळखीचा दिसलेला पहिला शब्द निवडते.

यावर उपाय सोपा आहे. पर्यायातला शब्द वाक्यात घालायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. ‘तिने दिवा विझवला’ आणि ‘तिने दिवा मालवला’ ही दोन्ही वाक्ये चालतात. पण ‘जवानांनी आग मालवली’ म्हणून पाहा, कान लगेच नकार देतो. आग विझवतात, दिवा मालवतात. ‘विझवणे म्हणजे मालवणे’ एवढेच पाठ केलेल्या मुलाला हे कळायला वाव नाही. ‘पेटवणे’ही असेच तपासा: चूल पेटवतात, दिवा लावतात, विडी शिलगावतात, निखारे फुलवतात. ‘घालणे’ला परिधान करणे हा पुस्तकी शब्द जवळपास सगळीकडे पुरतो, पण बोलताना सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. या जोड्या तोंडात बसल्या की पर्याय निवडताना फार विचार करावा लागत नाही.

आता थोडे व्याकरण. याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘तो वाचला’ आणि ‘त्याने वाचले’ यांत क्रियापद एकच दिसते, पण पहिल्याचा समानार्थी शब्द ‘बचावला’ आणि दुसऱ्याचा ‘वाचन केले’. फरक कोणी सांगितला? ‘ने’ या प्रत्ययाने. ‘म्हणणे’ तर याहून गमतीचे आहे. ‘ती म्हणाली’ म्हणजे ती बोलली. ‘तिने गाणे म्हटले’ म्हणजे ती गायली. एकाच धातूची भूतकाळातली दोन रूपे दोन अर्थांकडे जातात. मुलांना हे नियम म्हणून सांगू नये, वाक्ये शेजारी शेजारी ठेवून दाखवावे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते दिसते.

कधी अर्थ जुळतो, पण वाक्याची घडी बदलते. ‘मला आठवते’ या वाक्यात ‘आठवते’च्या जागी ‘स्मरण करतो’ घालायचे तर ‘मला’चे ‘मी’ करावे लागते. ‘मला आवडते’चे ‘मी पसंत करतो’ होते. ‘मी विसरलो’चे ‘मला विस्मरण झाले’ होते. हे शब्द समानार्थी नाहीत असे नाही, पण अधोरेखित शब्दाच्या जागी जसाच्या तसा बसणारा शब्द मागितला असेल तर बाकीचे वाक्य न बदलता जो बसतो तोच खरा.

सर्वांत जास्त गुण कुठे जातात? माझ्या पाहण्यात, प्रकार आणि समानार्थी यांच्या गोंधळात. ‘रडणे’ला पर्याय दिलेत: मुसमुसणे, रुदन करणे, हुंदका देणे, टाहो फोडणे. चारही रडण्याच्याच कुळातले आहेत. पण मुसमुसणे हे दबलेले रडणे, हुंदका म्हणजे रडताना अडकणारा श्वास, टाहो म्हणजे मोठ्याने केलेला आकांत. रडणे या संपूर्ण क्रियेला बरोबरीचा शब्द एकच, रुदन करणे. प्रत्येक मुसमुसणे रडणेच असते, उलट मात्र खरे नाही. मुलांना ही उलटी बाजू विचारायची सवय लावली तर असे प्रश्न आपोआप सुटतात. ‘पाहणे’ची परीक्षाही तशीच घ्यावी. बघणे बरोबरीचे. न्याहाळणे, निरखणे, डोकावणे, पारखणे हे सगळे पाहण्याचे प्रकार. ‘ओरडणे’खाली तर प्राण्यांची रांगच लागते: घोडा खिंकाळतो, गाय हंबरते, कोंबडा आरवतो, कुत्रा भुंकतो, हत्ती चीत्कारतो. इथे समानार्थी शब्द नाही, कर्ता कोण हे विचारले जाते. हे पाठच करावे, त्याला दुसरा मार्ग नाही.

रूप सारखे म्हणून अर्थ सारखा समजण्याची चूकही नेहमीची. विचारणे आणि विचार करणे यांचा एकमेकांशी संबंध दिसतो, पण पहिल्याचा समानार्थी पृच्छा करणे आणि दुसऱ्याचा चिंतन करणे. ‘पुसणे’ हा शब्द फळा पुसण्यातही येतो आणि ‘त्याला कोणी पुसत नाही’ यातही. दुसऱ्या ठिकाणी तो विचारण्याचा जुना शब्द आहे.

कोणाविषयी बोलतो आहोत हेही पाहावे लागते. उंदीर मेला, झाड मेले, पण आजोबा वारले. वारणे, निवर्तणे, दिवंगत होणे, निधन पावणे हे सगळे मरणेच, तरी उंदीर निवर्तला असे कोणी लिहीत नाही. उताऱ्यात एखाद्या समाजसुधारकाच्या जीवनाचा शेवट आला असेल आणि पर्यायांत ‘मेले’ आणि ‘निवर्तले’ दोन्ही असतील, तर आधी भाषेचा सूर पाहावा.

सरावाची वही कशी करावी, असे पालक वारंवार विचारतात. पानावर डावीकडे क्रियापद आणि उजवीकडे शब्दांची रांग, ही मांडणी सोडून द्यावी. एक वाक्य लिहावे, त्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारावी आणि त्या वाक्यात बसणारे शब्दच खाली लिहावेत. मग कर्म बदलून तेच वाक्य पुन्हा लिहावे आणि आधीच्या शब्दांतले कोणते गळतात ते मुलाने स्वतः खोडावे. ‘त्याने नियम मोडला’, ‘त्याने खुर्ची मोडली’, ‘त्याने लग्न मोडले’ या तिन्हींखालचे शब्द वेगळे येतील: भंग केला, तोडली, फिसकटवले. खोडण्याचे काम मुलाकडेच असू द्यावे. आपण खोडून दिले तर त्याच्या कानाला काहीच शिकायला मिळत नाही.

आणि घरी बोलले जाणारे शब्द चुकीचे ठरवू नयेत. कुठे भांडी विसळतात, कुठे खंगाळतात. कुठे ‘बघ’ म्हणतात, कुठे ‘पाहा’. मुलाचा घरचा शब्द वहीत आधी येऊ द्यावा आणि छापील शब्द त्याच्या शेजारी लिहावा. उताऱ्यात छापील शब्द येईल, पण त्याचा अर्थ मूल घरच्या शब्दावरूनच ओळखेल.