नोटर डेम अपक्ष किती दिवस?

घोडबंदरकर: २०२५ च्या सीझनला एफबीएसमध्ये (अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सर्वात वरचा विभाग) नोटर डेम आणि यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) हे दोघंच अपक्ष, म्हणजे कुठल्याच कॉन्फरन्समध्ये (संघांच्या गटात) नसलेले, उरले. नोटर डेमने सरळ बिग टेन कॉन्फरन्स धरली तर?

वाशीवाला: एवढं सोपं नाही हो. त्यांचे बाकीचे बहुतेक खेळ एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये. २०३६ पर्यंत फुटबॉलला कॉन्फरन्स घ्यायचीच तर करारानुसार एसीसीच. शिवाय वर्षाला साधारण पाच सामने एसीसी संघांशी, वेळापत्रक जवळपास निम्मं तिथेच भरतं. एनबीसी टीव्ही चॅनेलचा करार १९९१ पासून स्वतःचा. सोडतील कशाला?

खारघर_३५: खरी पंचाईत यूकॉनची. त्यांचे बाकीचे खेळ ज्या कॉन्फरन्समध्ये, त्या बिग ईस्टमध्ये फुटबॉलच नाही. आर्मी (अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ) २०२४ ला फक्त फुटबॉलपुरती एएसी कॉन्फरन्समध्ये गेली, तसं करता येईल. पण हे यूकॉनवाले २०२० ला तीच एएसी सोडून आलेत!

घोडबंदरकर: बरं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी साडेतीनच्या मॅचला आपल्याकडे रात्री एकचा गजर ना?

वाशीवाला: नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की दोनचा.