पाडवा, शनिवार २ एप्रिल: येण्याआधी टेस्ट (सगळ्यांनी वाचा प्लीज)

प्रेषक: मृणाल (सचिव)
सोमवार, २८ मार्च २०२२, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

नोंदणी आज बंद केली. मुलं धरून १३० नावं झालीत. हॉल दुपारी १ पासून आपला आहे, गुढी २ वाजता, गाणी ३ ला, जेवण साडेपाचला.

सगळ्यांनी शनिवारी सकाळी घरी लॅटरल फ्लो (कोविडची झटपट टेस्ट) करून, निगेटिव्ह असेल तरच यावं. दिवाळीला केलं होतं तसंच. शुक्रवारपासून इंग्लंडमध्ये फुकट टेस्ट बंद होतायत, तेव्हा ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी आत्ताच मागवून ठेवा.

सुधीरकाका, हॉलच्या चाव्या गुरुवारपर्यंत मिळाल्या तर बरं होईल.

मृणाल

---

प्रेषक: सुधीरकाका
सोमवार, २८ मार्च, रात्री १०:४०

मृणाल,

चाव्या मिळतील. दरवर्षी मिळतात.

टेस्टचं कोणी ठरवलं? कमिटीची मीटिंग झाल्याचं मला तरी माहीत नाही. मास्कचा नियम जानेवारीत गेला, पॉझिटिव्ह आल्यावर घरी बसण्याचा कायदा २४ फेब्रुवारीला गेला. ज्याला ताप-खोकला आहे त्याने घरी थांबावं, एवढी समज आपल्या लोकांना कोविडच्या आधीपासून आहे. मंडळाला सरकारवर वरताण करायची असेल तर रीतसर ठराव करा. मी अध्यक्ष असताना नोटिशीशिवाय चपला कुठे काढायच्या हेसुद्धा बदललं नव्हतं.

माझं वय ७१. तीन डोस झालेत. चौथा ७५ च्या वरच्यांना, म्हणजे सरकारच्या मते मी अजून तरुण आहे. जे काही पाडवे राहिलेत ते मला झूमवर बघायचे नाहीत.

सुधीर

---

प्रेषक: निखिल (खजिनदार)
मंगळवार, २९ मार्च, सकाळी ८:०५

> ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी आत्ताच मागवून ठेवा

कुठून? सरकारी साइटवर आज सकाळी परत ‘सध्या उपलब्ध नाहीत’. कोपऱ्यावरच्या फार्मसीने दारावरच कागद चिकटवलाय.

एप्रिलपासून दुकानात एक टेस्ट साधारण २ पौंडांना पडणार. १३० जणांचे झाले २६० पौंड. मंडळाच्या खात्यातून हे जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. ढोलांची पानं बदलायची अजून बाकी आहेत, त्याचं कोटेशन मी दोनदा पाठवलंय, त्यावर कोणी उत्तर देत नाही.

निखिल

---

प्रेषक: वैशाली
मंगळवार, २९ मार्च, दुपारी १:२०

सुधीरकाका, राग मानू नका, पण ‘ताप-खोकला असेल त्याने घरी थांबावं’ एवढ्यावर आमचं भागत नाही.

बऱ्याच जणांना माहीत आहे, नवीन लोकांसाठी सांगते. रवीची किडनी ट्रान्सप्लांट झालेली आहे. शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून रोज गोळ्या. त्या गोळ्यांचं कामच प्रतिकारशक्ती दाबून ठेवणं, त्यामुळे लस घेतली तरी ती किती लागू पडेल याचा भरवसा नाही. त्याला चौथा डोस झाला, पाचव्याचं बोलावणं आलंय. शील्डिंग, म्हणजे जास्त धोका असलेल्यांनी घरातच राहायचं हा सरकारी सल्ला, गेल्या सप्टेंबरमध्ये अधिकृतपणे संपलं. त्याच्या गोळ्या संपल्या नाहीत.

टेस्ट त्याला एप्रिलनंतरही फुकट मिळणार आहेत. पॉझिटिव्ह आला तर लगेच फोन येतो, अँटिव्हायरल गोळ्या नाहीतर सलाइनमधून औषध. हे सगळं चांगलंच आहे. पण त्याची टेस्ट निगेटिव्ह असून काय उपयोग? त्याच्या शेजारी बसणाऱ्याची हवी ना!

‘ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी’ असं मला गेल्या महिनाभरात इतक्यांनी सांगितलंय की विचारू नका. घेतो आम्ही. तो हॉलमध्ये पूर्ण वेळ एफएफपी२ मास्क लावून बसतो. दिवाळीला आलो ते सगळे टेस्ट करून येणार होते म्हणूनच. दाराजवळ बसलो आणि जेवण डब्यात भरून घरी नेलं.

वैशाली

---

प्रेषक: शुभदाताई
मंगळवार, २९ मार्च, दुपारी २:०२

> जेवण डब्यात भरून घरी नेलं

डबे न्यायचे असतील त्यांनी मला शुक्रवार दुपारपर्यंत कळवा. दिवाळीला आयत्या वेळी डबे भरले गेले आणि शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा उरला. श्रीखंड मोजून होतं.

आणि किचनमध्ये यादीतलीच माणसं. वाढताना मास्क लावायचाच. बाहेर काय ते तुम्ही ठरवा, किचन माझं आहे.

शुभदा

---

प्रेषक: ओंकार
मंगळवार, २९ मार्च, रात्री ११:३५

मी इथे सहसा लिहीत नाही. शिफ्ट संपवून आत्ता वाचतोय सगळं.

टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली तर मी काय करायचं, हे कोणी सांगेल का? वेअरहाउसमध्ये एजन्सीकडून काम करतो. कोविडसाठी पहिल्या दिवसापासून सिक पे (आजारपणाच्या रजेचे पैसे) मिळायचा तो या महिन्याच्या २४ तारखेला बंद झाला. आता परत पहिले तीन दिवस कोरडे, पुढे आठवड्याला ९६ पौंड ३५ पेन्स. कमी पगारवाल्यांना घरी बसण्याचे ५०० पौंड मिळायचे, ते फेब्रुवारीतच गेले. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना पॉझिटिव्ह म्हणजे चार दिवस पायजम्यात मीटिंग. मला पॉझिटिव्ह म्हणजे भाडं.

वैशालीताई, तुमचं मला पटतं. सर्दी-ताप असेल तर मी स्वतःहून येणार नाही, आलो तर रवीदादापासून लांब बसेन. पण काही होत नसताना नाकात काडी घालून पगार घालवायला मला सांगू नका. दिवाळीला केली कारण तेव्हा पैसे मिळत होते.

ओंकार

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, ३० मार्च, सकाळी ७:१५

ओंकारशी शंभर टक्के सहमत.

आणि कालची बातमी वाचलीत का? लॉकडाउनमधल्या सरकारी पार्ट्यांबद्दल पोलिसांनी २० दंड पाठवले. नियम लिहिणारेच बाटल्या उघडून बसले होते, आणि आपण मात्र घरी बसून गुढीचे फोटो एकमेकांना पाठवत होतो. माझ्या मेहुण्याच्या अंत्यविधीला मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. आता मला कोणी टेस्टचं सांगू नये.

सुधीर

---

प्रेषक: अनघा
बुधवार, ३० मार्च, सकाळी ७:५०

काका, ओंकारचं कारण तुम्हाला लागू होत नाही. तुम्हाला पेन्शन आहे.

अंत्यविधीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण पार्ट्या त्यांनी केल्या, त्याचा राग रवीवर कशाला?

मी नर्स आहे, आठवड्यातून दोनदा टेस्ट करते, त्याचं काही वाटेनासं झालंय. वॉर्डवर चित्र २०२० सारखं मुळीच नाही. बरेच पेशंट दुसऱ्याच कशासाठी येतात आणि टेस्टमध्ये कोविड निघतो. लस आहे, औषधं आहेत. आमची गळचेपी होते ती स्टाफमुळे, रोज कोणीतरी आजारी. त्यामुळे ‘कोविड संपला’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही आणि ‘घराबाहेरच पडू नका’ म्हणणाऱ्यांचंही.

एक व्यावहारिक मुद्दा. टेस्ट करणार असाल तर घरून निघण्याआधी करा, आदल्या रात्री नको. निगेटिव्ह म्हणजे त्या घटकेपुरतं. दिवाळीला काही जण गुरुवारच्या टेस्टचा फोटो दाखवत होते!

अनघा

---

प्रेषक: श्रीकांत (न्यूपोर्ट)
बुधवार, ३० मार्च, दुपारी १२:३०

सेव्हर्न पुलापलीकडून, वेल्समधून नमस्कार. तुमचं इंग्लंडचं वाचून गंमत वाटते. आमच्याकडे दुकानात मास्क आणि पॉझिटिव्ह आल्यावर घरी बसणं, दोन्ही या सोमवारपर्यंत कायद्याने होतं. मी ऑफिससाठी रोज पूल ओलांडतो. सकाळी पेट्रोल भरताना मास्क लावून पैसे द्यायचे, पलीकडे कॉफी घेताना मास्क दिसला की लोक वळून बघतात. व्हायरस तोच. २०१८ ला टोल बंद झाला तेव्हा वाटलं होतं, आता मध्ये काही आड येणार नाही.

आम्ही सहा जण येतोय, टेस्ट करूनच येऊ. आमच्याकडे कोणी कुरकुर करत नाही.

श्रीकांत

---

प्रेषक: निखिल (खजिनदार)
बुधवार, ३० मार्च, दुपारी १२:४१

श्रीकांत, वेल्समध्ये टेस्ट एप्रिलनंतरही फुकट आहेत ना? येताना पाच-सहा बॉक्स आणता येतील का?

---

प्रेषक: श्रीकांत (न्यूपोर्ट)
बुधवार, ३० मार्च, दुपारी १२:५८

नाही. लक्षणं असतील त्यांनाच, जूनअखेरपर्यंत. त्यातून मंडळाचा साठा करायचा नसतो, निखिल.

---

प्रेषक: प्रसाद
बुधवार, ३० मार्च, रात्री ८:२०

टेस्टवर सगळे भांडताय, हवेचं कोणीच बोलत नाही.

शाळेत आम्हाला गेल्या शरद सत्रात कार्बन डायऑक्साइड मॉनिटर मिळाले. बाहेरच्या हवेत चारशेच्या आसपास आकडा असतो. खोलीत ८०० च्या खाली असेल तर हवा चांगली खेळतेय, १५०० च्या वर राहिला तर कोंडलेली. माणसांच्या श्वासानेच तो चढतो, म्हणजे दुसऱ्याचा श्वास आपण किती घेतोय त्याचा अंदाज येतो. मी नंतर स्वतःसाठी एक घेतला. दिवाळीला खिशात होता. मुलांच्या नाचाच्या वेळी २१०० च्या वर गेला होता! टेस्ट करून आलेले लोक, आणि पार्किंगकडच्या सगळ्या खिडक्या बंद.

त्या चार खिडक्या उघडल्या आणि मागचं दार अडकवून उघडं ठेवलं तर फरक पडेल. मी शनिवारी मॉनिटर स्टेजवर ठेवतो, सगळ्यांना दिसेल असा.

प्रसाद

---

प्रेषक: शुभदाताई
बुधवार, ३० मार्च, रात्री ८:४४

मागचं दार उघडं ठेवलं तर पुऱ्या गार होतात. शिवाय थंडी बघितलीत का या आठवड्यातली? आजी-आजोबा लोक भारतातून नुकतेच उतरलेत, विमानं रविवारपासून पूर्ववत सुरू झालीत. त्यांना झोतात बसवणार का?

---

प्रेषक: सुधीरकाका
बुधवार, ३० मार्च, रात्री ९:३०

खिडक्यांना मीच कुलपं लावून घेतली होती, मुलं बाहेरच्या कठड्यावर चढायची म्हणून. किल्ली माझ्याकडे आहे. खिडक्या उघडायला माझी कधीच हरकत नव्हती, मला कोणी विचारलं नाही. दुपारी साडेबाराला येऊन उघडतो. कठड्याशी एक मोठं माणूस उभं करा.

प्रसाद, तो मॉनिटर पूजेच्या टेबलावर नको.

सुधीर

---

प्रेषक: सुधीरकाका
शुक्रवार, १ एप्रिल, सकाळी ९:०५

पुण्याहून भावाने कळवलं: महाराष्ट्र सरकारने पाडव्यापासून सगळे निर्बंध उठवले. मास्कसुद्धा ऐच्छिक. तिकडे शोभायात्रा निघणार. आपण इथे काय करतोय?

---

प्रेषक: अनघा
शुक्रवार, १ एप्रिल, दुपारी १:४०

काका, तिकडे लाट ओसरल्यावर उठवले. इथे बीए.२ मुळे (ओमिक्रॉनचा उपप्रकार) परत चढतेय. ओएनएसचे (सरकारी आकडेवारी कार्यालयाचे) आजचे आकडे आले: २६ मार्चला संपलेल्या आठवड्यात इंग्लंडमध्ये १३ माणसांमागे एकाला कोविड होता. आपली नोंदणी १३०. हिशोब तुम्हीच करा, निखिलला त्रास नको.

---

प्रेषक: मृणाल (सचिव)
शुक्रवार, १ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

मंडळी,

काल रात्री झूमवर कमिटी बसली (हो काका, रीतसर). ठरलं ते असं. टेस्टची सक्ती नाही, विनंती आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी सकाळी करावी, दाराशी कोणी विचारणार नाही. जरा जरी बरं वाटत नसेल तर येऊ नका, नोंदणीचे पैसे परत मिळतील. गुढीच्या वेळी, म्हणजे २ ते ३, सगळ्यांनी मास्क लावावा आणि खिडक्या उघड्या राहतील. दाराजवळची दोन टेबलं ज्यांना मोकळं बसायचंय त्यांच्यासाठी. जेवणाच्या वेळी मागचं दार बंद. शाल आणा.

सक्ती केली असती तर ज्यांना टेस्ट मिळाल्याच नाहीत त्यांना परत पाठवावं लागलं असतं, आणि ते काम करायला कमिटीतलं कोणीच तयार नव्हतं.

मृणाल

---

प्रेषक: वैशाली
शुक्रवार, १ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

विनंती म्हणजे काय ते कळलं.

रवी येणार नाही. गुढीचं साहित्य माझ्याकडे आहे, ते मी दीडला आणून देते, पूजा झाली की निघते. ओंकार, तुझ्यावर राग नाही. तू निदान कारण सांगितलंस.

शुभदाताई, दोन डबे. शुक्रवार दुपार उलटून गेलीय, चालत असेल तर.

---

प्रेषक: शुभदाताई
शुक्रवार, १ एप्रिल, संध्याकाळी ७:१४

चालतं. तुझे मी कालच धरून ठेवलेत. रवीचं श्रीखंड वेगळं, कमी साखरेचं.

---

प्रेषक: केदार
शनिवार, २ एप्रिल, सकाळी ८:४०

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. मला काहीही होत नाहीये, घरात शेवटची एक टेस्ट होती म्हणून केली. ‘टी’ समोरची रेष अगदी फिकट आहे, लाइट लावला तरच दिसते. फोटो जोडलाय. ही धरायची का? ३ वाजता तबला आहे माझा.

---

प्रेषक: अनघा
शनिवार, २ एप्रिल, सकाळी ८:४६

धरायची. फिकट म्हणजेसुद्धा पॉझिटिव्ह. कालपासूनचा सल्ला पाच दिवस घरी थांबण्याचा आहे.

---

प्रेषक: सुधीरकाका
शनिवार, २ एप्रिल, सकाळी ८:५५

बघा, म्हणूनच मी म्हणत होतो टेस्ट करू नका. आता तबल्याला कोण?

---

प्रेषक: मृणाल (सचिव)
शनिवार, २ एप्रिल, सकाळी ९:०१

काका!

केदार, घरी थांब, आणि कळवलंस ते फार बरं केलंस. ओंकार, तू वाजवतोस ना?

---

प्रेषक: ओंकार
शनिवार, २ एप्रिल, सकाळी ९:२०

वाजवतो. गाण्यांची यादी आणि पट्टी पाठवा. मंडळाचा डग्गा कोणाच्या घरी आहे?