वरच्या पोटाचं ऑपरेशन: छातीत कफ साठू नये म्हणून काय करावं?

अबोली: रुग्ण ६८ वर्षांचे, विडी सुटून दोन महिने. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, चीर बेंबीच्या वर. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) आणलंय. ते किती वेळा करायचं? आणि फिजिओ आधी गाठावा की नंतर?

गवतीचहा: आधीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) ऑपरेशनआधी फिजिओने एकदाच, अर्धा तास शिकवलं. नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांत छातीचा त्रास २७ टक्के, शिकवलेल्यांत १२. भूल उतरल्यावर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. फुफ्फुसाचा तळ मिटतो आणि कफ तिथेच अडकतो. तेव्हा शिकवायला गेलं तर डोक्यात काही शिरत नाही.

पारवा: यंत्रात बरेच जण फुंकतात! हवा आत ओढायची आहे. ताठ बसवा, यंत्र उभं धरा. तिरकं धरलं की चेंडू फुकट चढतो. श्वास सोडून ओठ घट्ट मिटायचे नि सावकाश ओढायचं. ६००, ९००, १२०० हे हवेच्या वेगाचे आकडे, सेकंदाला इतके सीसी. झटका दिला की तिन्ही उडतात, पण तळापर्यंत हवा पोचत नाही. त्यापेक्षा एकच चेंडू तीन सेकंद वर टिकलेला बरा. मग तीन सेकंद श्वास रोखून सोडा. जागेपणी दर तासाला दहा. पाचानंतर जरा थांबा, नाहीतर गरगरतं.

अबोली: खोकताना टाके उसवतील अशी त्यांना धास्ती आहे.

गवतीचहा: म्हणून आधार द्यायचा. टॉवेलची जाड घडी चिरेवर दोन्ही हातांनी दाबून धरायची, गुडघे दुमडलेले. आधी तोंड उघडून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसं दोनदा जोरात ‘हाऽ’. कफ वर सरकला की मग एकच खोकला. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने करा. फुफ्फुसाचा मिटलेला भाग वाफाऱ्याने उघडत नाही.

पारवा: माझं मत विचाराल तर चेंडूंपेक्षा चालणं मोठं. सर्जननी हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी खुर्चीत, मग वॉर्डात फेऱ्या. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवून. ताप, हिरवट बेडका, ऑक्सिजन ९२च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरना सांगा. अचानक धाप लागली किंवा एकच पोटरी सुजली तर व्यायाम बंद, आधी डॉक्टर. ती रक्ताची गुठळी असू शकते.

अबोली: तोंडात धरायची नळी उकळू का?

पारवा: नको, प्लास्टिक वाकडं होतं. कोमट साबणपाण्याने धुऊन वाळवा. चेंडूंच्या भागात पाणी जाऊ देऊ नका, चिकटून बसतात.