लंडन सहल: व्हीलचेअरवरचे सर आणि कर्णबधिर ताई, नियोजन कसं करू?

राजारामपुरीकर: कोल्हापूरचा २२ जणांचा गट मे महिन्यात लंडनला निघतोय. एक सर बॅटरीच्या व्हीलचेअरवर असतात, एक ताई कर्णबधिर आहेत. दोन आज्जींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनाही व्हीलचेअर सांगणार आहे. ट्यूबचा (लंडनची भुयारी रेल्वे) दिवस सरांना झेपणार नाही, तेव्हा त्यांना हॉटेलवर आराम. विमान कंपनीला काय कळवू?

पंचगंगा_घाट: झेपणार नाही हे सर म्हणाले, की तुम्हीच ठरवलंत? आधी त्यांना विचारा. त्यांच्या भावाला नव्हे, त्यांना.

कंपनीला नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ सांगून भागत नाही, मदतीचा कोड सांगावा लागतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढतो, पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत अरुंद आयल चेअरवरून न्यावं लागतं. सर कुठल्यात बसतात ते तेच सांगतील. चुकीचा कोड गेला तर विमानाच्या दारात आयल चेअर नसते आणि माणूस तिथंच ताटकळतो. किमान ४८ तास आधी कळवा. पैसे पडत नाहीत.

आज्जींसाठी ‘मीट अँड असिस्ट’ मागा, म्हणजे विमानतळावर सोबत येऊन वाट दाखवणारा माणूस, खुर्ची नको. आणि खुर्चीतून उठून कुणी चार पावलं चाललं की ‘नाटक’ म्हणायची आपल्याकडची खोड सोडा. पहिला कोड अशांसाठीच आहे.

शाहूपुरी_५वी_गल्ली: बॅटरीचं आत्ताच बघा. क्षमता काढायला बॅटरीवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: २४ × १० म्हणजे २४० वॅट-अवर. खुर्चीतून काढून केबिनमध्ये न्यायची लिथियम बॅटरी एकच असेल तर ३०० पर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६०. २४ × २० ची असेल तर ४८०, म्हणजे अडकली. कंपनीची मंजुरी लेखी घ्या आणि बॅटरीवरच्या लेबलचा फोटो जवळ ठेवा. टोकांना टेप लावा. गादी आणि सुटे फूटरेस्ट केबिनमध्येच घ्या, सामानात गेले की हरवतात. गादी नसली तर सरांना दाबाच्या जखमांचा धोका.

रंकाळा_टॉवर: परदेशात सगळं सोयीचंच असतं हाही एक गैरसमज. जिन्याशिवाय जाता येतील अशी ट्यूबची स्टेशनं साधारण एक तृतीयांशच. नकाशावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीत. पांढरं म्हणजे फक्त फलाटापर्यंत, पुढं फट किंवा पायरी. एलिझाबेथ लाइन या लंडनच्या रेल्वेमार्गाच्या सगळ्या स्टेशनांत फलाटापर्यंत जिना लागत नाही. बसला रॅम्प असतो आणि व्हीलचेअरवाल्याला तिकीट नाही, पण खुर्चीची जागा बहुधा एकच.

हॉटेलला ‘ॲक्सेसिबल आहे का’ विचारू नका, हो म्हणतील. दाराची रुंदी सेंटीमीटरमध्ये, लिफ्टचं माप, बाथरूममध्ये टब आहे की सपाट शॉवर, हे विचारा. ताईंसाठी उशीखाली ठेवायचा थरथरणारा फायर अलार्म मागा. तिकडची सांकेतिक भाषा वेगळी, त्यामुळं आपली तिथं चालेलच असं नाही. फोनवर टाइप करून दाखवणं सोपं. गेट बदलल्याची घोषणा त्यांना ऐकू येणार नाही, पण पाटी त्या वाचतात. हात धरून ओढत नेऊ नका.

राजारामपुरीकर: सरांना फोन केला. म्हणतात, ट्यूबचा दिवस मीच आखतो, नकाशा पाठवा. बॅटरी ३६० निघाली, एकच आहे.

शाहूपुरी_५वी_गल्ली: मग आजच कंपनीला लिहा. बॅटरी न काढता खुर्चीतच राहणार असेल तर नियम वेगळे आहेत. मॉडेल, वजन आणि बॅटरी निघते की नाही, तिन्ही कळवा.