प्रतिसाद: दोन सेकंदांची चाचणी
‘प्रमाणित लाइफ जॅकेट आगीत जळत नाही’ असे म्हटले जाते, त्या विधानात थोडी दुरुस्ती हवी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या चाचणीपद्धतीनुसार ३० बाय ३५ सेंटिमीटरच्या उथळ पात्रात पाण्यावर पेट्रोल ओतून ते ३० सेकंद मोकळे जळू दिले जाते आणि मग टांगलेले जॅकेट त्या ज्वाळांतून केवळ २ सेकंद नेले जाते. बाहेर आल्यावर ते जळत वा वितळत राहू नये, एवढीच अट आहे. (अग्निसंरक्षित लाइफबोटीला मात्र तेलाच्या आगीत किमान ८ मिनिटे तग धरावा लागतो.) आमच्याकडे वैनगंगेकाठी डोंग्यातली (लहान होडीतली) ओली जॅकेटे चुलीजवळ वाळत घातलेली मी पाहिली आहेत, तासन्‌तास लागणारी ती धग या चाचणीत तपासलीच जात नाही.